दोन्ही टोकं एकदम

त्याची रिमोटवरची गाडी उडी घेऊन आली, नाकावर आपटली आणि कोलांटी खात थेट माझ्या चहाच्या ग्लासावर आदळली. अर्धा चहा माझ्या कुर्त्यावर, अर्धा अंधेरीच्या मैदानातल्या मातीत.

“सॉरी... लागलं का?” रिमोट हातात धरून तो धावत आला. सावळा, उन्हाने रापलेला. डोळे मात्र असे, की रागवायचं राहूनच गेलं.

“मला नाही, तुझ्या गाडीला लागलंय. मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा फार कडक आहेत. खाली आली की शेपूट उडतं नि नाक दबतं.”

“तुला कसं कळलं?”

“दर रविवारी इथेच गाडी पळवते मी. बघ.”

मी त्याची गाडी माझ्या दुरुस्तीच्या फळीच्या वर वीतभर धरली आणि सोडली. नाक खाली बसलं, शेपूट ताठच. “दोन्ही टोकं एकदम बसली पाहिजेत,” म्हणत मी माझ्या डब्यातल्या नरम स्प्रिंगा मागे लावून दिल्या.

त्याचं नाव अल्पेश. खाडीपलीकडच्या मढचा. फेरीबोटीने वर्सोव्याला उतरून यायचा, गाडी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवून.

“तुझ्या गाडीला बोंबलांचा वास येतो,” मी एकदा म्हणाले.

“गाडीला नाही, मलाच येत असेल,” तो शांतपणे म्हणाला. मी इतकी हसले, की स्क्रू मातीत हरवला.

मग तो दर रविवारी यायला लागला, आणि दर रविवारी काहीतरी बिघडलेलं असायचं. कधी पुढचं टोक लोळतंय, कधी मागचं. आम्ही फळीवर वाकायचो. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं... आणि दोघांपैकी कुणीच ते बाजूला घ्यायचं नाही. मी आठवडाभर डेंटिस्टच्या लॅबमध्ये कवळ्या घासते, केसाएवढा फरक बोटांना कळतो. पण हा गाडीसाठी येतो की माझ्यासाठी, ते काही कळत नव्हतं.

एका रविवारी गाडी अगदी जमत आली. नीट झाली तर हा कशाला येईल? एक स्प्रिंग मुद्दाम चुकीची बसवावी, असं मनात आलंही. पण खोटं काम हाताला येत नाही, त्याला मी काय करू? चांगली जोडी निवडली, माझ्या सवयीने ओळखीसाठी तिच्यावर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले, बसवली. गाडी सोडली. दोन्ही टोकं एकदम बसली.

“झालं,” मी म्हणाले. “आता तुला माझी गरज नाही.”

“हं,” म्हणत त्याने गाडी खोक्यात ठेवली.

तो आठवडा वाईट गेला. एका आजोबांची कवळी मला दोनदा करावी लागली.

रविवारी मैदानात मी त्याची वाट बघत नाहीये, असं स्वतःला बजावत बसले होते – तेवढ्यात खोकं घेऊन तो आलाच.

“अपूर्वा, परत कोलांट्या खाते गं.”

मी गाडी उलटी केली. मागे त्याच जुन्या कडक स्प्रिंगा. ठिपके नाहीत.

“माझ्या कुठायत?”

“पडल्या असतील...”

“दोन्ही?”

त्याने मान खाली घातली आणि शर्टाच्या खिशातून हात बाहेर काढला. तळहातावर लाल ठिपक्यांच्या दोन स्प्रिंगा.

“काढल्यास तू? का रे?”

“नीट झालेली गाडी घेऊन कसा येणार होतो तुझ्याकडे?” तो म्हणाला. “अगं, बोटीचं इंजिन खोलून परत बसवतो मी. दोन स्प्रिंगा नाही जमणार मला?”

“म्हणजे इतके दिवस येडा बनवत होतास.”

“पहिला रविवार खरा होता. चहा सांडला तो. बाकीचे... तुझ्यासाठी.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आठवडाभरात पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. त्याच्या तळहातावरून स्प्रिंगा उचलताना मी जरा जास्तच वेळ लावला. बसवल्या, गाडी सोडली. दोन्ही टोकं एकदम.

“पुढच्या रविवारी गाडी आणू नकोस,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. “येऊ नको?”

“येऊ नकोच. मी येते. जेट्टीवर उभा राहा, मला मढ दाखव.”

त्याने खोक्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला, “आई विचारेल. काय सांगू?”

“सांग, जिच्यावर चहा सांडलास ती येतेय,” मी म्हणाले. “आणि तिला बोंबील आवडतात.”