वारूळ गेलं कुठं?

“हे झाकण उघडायचं कसं? हातोडी आणू?” फटाकी करवादली.

“घट्टच हवं! सैल झाकणाचं खोकं म्हणजे सैल नाडीची चड्डी!” दादा ऐटीत म्हणाला.

दादा आणि त्याची धाकटी बहीण फटाकी सुट्टीत मामाकडे आले होते. मामाचा खोकी बनवायचा कारखाना घराच्या खालीच. पुठ्ठा हवा तेवढा, खळ हवी तेवढी! मग मामाच्या मुलाला, म्हणजे गोगलगायीला, हाताशी धरून त्यांनी एक खेळच बनवायला घेतला. एका पायात मोजा चढवताना दुसऱ्या पायातला कुठे गेला याचा तो शांतपणे विचार करत बसे, म्हणून त्याचं नाव गोगलगाय.

खेळाचं नाव होतं ‘वारूळ’. पट पुठ्ठ्याचा, सोंगट्या जुन्या शर्टांच्या बटणांच्या, फासा खोडरबर कापून केलेला. पांढरे मणी म्हणजे साखरेचे दाणे. आपल्या मुंगीनं पाच दाणे घरात आणले की जिंकलं! वाटेत उलटायच्या पानांवर फटाकीनं एकेक संकट लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी वाचनालयात मुलांनी केलेल्या खेळांचं प्रदर्शन होतं आणि निवडलेला खेळ बालविभागात कायमचा राहणार होता.

“वर नाव चिकटवू या?” गोगलगायीनं विचारलं.

“खळ ओली आहे. सुरकुत्या पडतील. आधी वाळू दे!” दादा म्हणाला.

पांढरंशुभ्र खोकं टेबलावर ठेवून तिघं जेवायला गेली. परत येऊन बघतात तर टेबल रिकामं!

“मामा, आमचं खोकं?”

“कुठलं खोकं? अरे, कारखानाच खोक्यांचा आहे!” मामानं कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरला होता. “टेबलावरची सगळी बुटांच्या दुकानात गेली.”

“बाबा, त्यात आमचा खेळ होता!” गोगलगाय चक्क ओरडला.

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं! तुम्ही फोनवर बोलत ‘हो हो’ म्हणालात!”

मामानं जीभ चावली. फोन मात्र खाली ठेवला नाही.

तिघंही धावत सुटली. बुटांच्या दुकानातल्या मावशींनी नवी खोकी उघडून दाखवली. सगळी रिकामी!

“एक मघाशी विकलं गेलं,” त्या म्हणाल्या. “बूट भरायला घेतलं तर जड लागलं. म्हटलं, भरलेत वाटतं! दोरी बांधून दिलं.”

“मग हे कुणाचे?” फटाकीनं गल्ल्याशेजारच्या चकचकीत तपकिरी बुटांकडे बोट दाखवलं.

मावशींनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! त्याचेच की!”

“कोण होता तो?”

“मला काय माहीत? भारी घाईत होता. मी आपली हसून ‘परत या’ म्हटलं, तर मेला माझ्या तोंडात डोकावला आणि म्हणाला, उजवीकडची दाढ भरून घ्या!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“दातांचा डॉक्टर!” गोगलगाय म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सगळ्यांच्या आधी बोलला होता!

बूट घेऊन ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी आली आणि थबकली. आतून खिदळण्याचा आवाज येत होता.

“दातांच्या दवाखान्यात हसतंय कोण?” दादा पुटपुटला.

दार ढकललं तर काय! मधल्या स्टुलावर वारुळाचा पट मांडलेला, आणि भोवती डॉक्टर, नर्सताई आणि गाल सुजलेले एक आजोबा!

“चोरला! माझा दाणा चोरला!” आजोबा किंचाळले.

“आजोबा, तोंड मिटा!” डॉक्टर म्हणाले.

“एरवी तर उघडा, उघडा म्हणता!”

“डॉक्टर, हा खेळ आमचा आहे! आणि हे तुमचे बूट!” दादा म्हणाला.

“बूट ठेव तिथं. अरे, फार झकास खेळ आहे! एवढा डाव संपला की घेऊन जा. आता संपतच आलाय.”

पण डाव काही संपेना! कुणाचे चार दाणे घरात आले, की दुसरी मुंगी येऊन दोन पळवायची. फटाकी टक लावून बघत होती. एकदम तिनं दादाला कोपऱ्यात ओढलं.

“दादा, हा डाव संपणारच नाही! आपण कधी शेवटपर्यंत खेळलोय का? दर वेळी मामी जेवायला हाक मारते!”

दादाचा चेहरा पडला. “बाप रे! प्रदर्शनात असला खेळ मांडायचा? आणि तोही यांच्या हातून सुटला तर! पट ओढून पळू या?”

“आजोबा चावतील.”

“दाढ दुखतेय त्यांची. चावतील कसे?”

फटाकीनं डोकं खाजवलं. मग गोगलगायीच्या खिशातून खेळातलं उरलेलं एक कोरं पान काढून त्यावर भराभरा काहीतरी खरडलं आणि गोड आवाजात म्हणाली, “पानं संपली ना? द्या, मी पिसून देते!”

पिसता पिसता नवं पान गठ्ठ्यात शिरलं. डॉक्टरांनी पान उलटलं. कोळी आडवा आला. आजोबांनी उलटलं. पूल मोडला. दादा श्वास रोखून उभा. नर्सताईंनी उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, “पाऊस आला! वारुळाचं दार बंद. ज्याच्या घरात जास्त दाणे, तो जिंकला!”

“हे पान मघाशी नव्हतं!” डॉक्टर गरजले.

“पाऊस काय सांगून येतो?” फटाकी म्हणाली.

नर्सताई हसत सुटल्या. घरात चार दाणे होते ते आजोबांच्या! त्यांनी अशी उडी मारली की सुजलेला गालही हलला. डॉक्टरांनी हात जोडले. “पोरांनो, हरलो! घेऊन जा तुमचं वारूळ. चला आजोबा, आता खुर्चीत!”

वाचनालयात ती धापा टाकत पोचली. ग्रंथपालबाईंनी नियम वाचले, एक डाव पुरता खेळल्या आणि पावसाचं पान हातात धरून म्हणाल्या, “हे कुणाला सुचलं?”

दादानं फटाकीला पुढे ढकललं.

“शाब्बास! बाकीचे खेळ कसे संपतात ते मला अजून कळलेलं नाही! ‘वारूळ’ आजपासून बालविभागात!”

टाळ्या पडल्या. मामाही आला होता, आणि या वेळी फोन खिशात होता. “चूक माझी होती,” तो म्हणाला. “नवं, पक्कं खोकं मी स्वतः करून देतो. नाव छापून!” थोड्याच वेळात डॉक्टरही आले, आणि दोघं मोठे बाप्ये लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले.

“हा विभाग मुलांचा आहे,” ग्रंथपालबाईंनी दटावलं. “मोठ्यांनी मुलांची परवानगी घ्यायची!”

मामानं अजिजीनं मुलाकडे पाहिलं. “एकच डाव! खेळू ना रे?”

गोगलगायीनं हाताची घडी घातली.

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला.