हॉलिनरॉयडचा पाहुणा

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या दगडी बांधावर वाकून एकेक दगड चाचपत होता. वर पाऊस भुरभुरतोय, आणि या माणसाच्या डोक्यावर साधी टोपी नाही!

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"सापडलंय." तो हसला. "मी जेथ्रो हॉलिनरॉयड."

हॉलिनरॉयड हे आमच्या शेताचं नाव. कुणी एके काळी 'हॉलिन', म्हणजे काटेरी हॉलीची झाडं तोडून 'रॉयड', म्हणजे मोकळी जागा केली, म्हणून ते पडलं. यॉर्कशरच्या आमच्या दरीत निम्मी आडनावं अशीच शेतांवरून आलीत. आम्ही मात्र क्रॅबट्री. आजोबांपासून हे शेत खंडाने कसतोय, करार यंदा संपतोय आणि मालकाला जास्त खंड देणारं कूळ हवंय. नेमका आत्ताच हा नावाचा वारस उगवावा? पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

मग तो दर रविवारी यायला लागला. जुनी विहीर कुठे, बांध कुठवर, बर्फात मेंढ्या कुठे ठेवता... बाबा भाबडे. ओटच्या पोळ्यांवर लोणी थापून त्याला खाऊ घालत आणि सगळं सांगत. मी मात्र त्याच्यावर नजर ठेवून होते. त्याच्या भुवईवरचा तीळसुद्धा मला पाठ झाला – निव्वळ खबरदारी म्हणून!

एका रविवारी तो खालच्या कुरणात पावलं टाकत येरझाऱ्या घालताना दिसला. मी फाटकातच वाट अडवून उभी राहिले.

"झाली का मोजणी, मिस्टर हॉलिनरॉयड?"

"मोजणी? छे, मी..."

"साळसूदपणा पुरे! मालकाला किती कबूल केलंत? शेत तुमच्या पूर्वजांचं, असंच ना?"

तो खो खो हसत सुटला. माझं डोकं आणखीच तडकलं.

"अहो, इथं राहणाऱ्याला हे नाव पडेलच कसं? इथं तर सगळेच हॉलिनरॉयडचे! आमचा कुणी पूर्वज शेत सोडून बाजारगावात गेला, तिथल्या लोकांनी त्याला ते चिकटवलं. माझं आडनाव म्हणजे आम्ही इथून गेल्याची खूण. हक्क कसला त्यात? मालकाचं तर मी तोंडही पाहिलेलं नाही."

पटत होतं. तरी मी फाटक सोडलं नाही.

"मग येरझाऱ्या कशाला?"

"धीर गोळा करत होतो."

"कसला?"

"माझं नाव जिथून आलं ती जागा बघायचं काम पहिल्याच रविवारी संपलं, हेस्टर. बाकीचे रविवार..." त्याचे कान लालभडक झाले. "...तुमच्यासाठी आलो. मेंढ्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. शिकवाल?"

इतके दिवस मी याच्यावर का चिडत होते, ते मला तेव्हा कळलं. तो शेत घेऊन जाईल ही भीती होतीच, पण काहीच न घेता निघून जाईल याची त्याहून जास्त होती.

मी फाटक उघडलं.

"चल आत, जेथ्रो," मी म्हटलं. "इथं राहणाऱ्याला आम्ही आडनावानं हाक मारत नाही."