सर्वेशची फौज

ही गोष्ट खरी आहे.

आणि आधीच सांगितलेलं बरं, हिच्यात रात्र नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच. ज्याला त्याशिवाय भीती वाटत नसेल त्याने इथूनच मागे फिरावं.

जे काय घडलं ते भरदुपारी घडलं. दिवाळीच्या सुट्टीत, मालवणहून तारकर्लीकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही. त्या घरात अजून माणसं राहतात.

माणसं म्हणजे दोनच. केयूर, हायस्कुलात गणित शिकवतो. आणि त्याची आई, सुभद्रा.

तिसरा सर्वेश. केयूरचा धाकटा भाऊ. तो नवरात्रात गेला. कापणीला शेतात उतरला होता, पायाला जखम होती. ताप आला, लेप्टो निघाला आणि आठवड्याच्या आत पोरगा संपला. वय सव्वीस.

केयूरला रडू आलं नाही.

दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला! दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. चावलं तरी कळेना.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवले. कावळे होते. माडावर बसून बघत होते. पण एकही खाली उतरेना.

"कायतरी रवला आसा त्येचा," काका म्हणाले. "केयूर, सांग त्येका कायतरी."

केयूरने हात जोडले. "आयेक सांभाळतंय."

कावळा आला नाही.

"वर्षसराद्ध गोकर्णाक जावन करतंय."

नाही.

ऊन चढलं. भटजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मोकळे होतात. सगळ्यांना घरी जायची घाई होतीच.

तेवढ्यात केयूरच्या तोंडून निघून गेलं, "तुझी ती फौज पुरी करतंय रे. जा आता."

वाक्य संपायच्या आत...

कावळा पिंडावर होता.

काका रडले. सावंतवाडीहून आलेला सर्वेशचा मित्र प्रीतम रडला. केयूर नुसता बघत राहिला. आपण काय कबूल करून बसलो, हे त्याला घरी आल्यावर उमगलं.

फौज म्हणजे खेळातली. बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक. ते प्लास्टिकच्याच चौकटीला चिकटलेल्या सुट्या तुकड्यांत येतात. कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची. सर्वेश घरून कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं काम करायचा, आणि उरलेला सगळा वेळ या फौजेत घालायचा. खेळायला मालवणात कोणी नाही. महिन्यातून एकदा स्पंज लावलेल्या पेटीत फौज भरायची आणि एसटीने प्रीतमकडे सावंतवाडीला जायचं.

फौज दिसायला भन्नाट होती. खेकड्याच्या पाठीसारखी शिरस्त्राणं घातलेले भालाईत. तांब्यावर हिरवं चढावं तशा रंगाच्या ढाली. आणि घोरपडीसारख्या अजस्र जनावरांवर बसलेले स्वार. प्रत्येकाच्या पायाखाली जांभ्याची लाल पूड. ती सर्वेश आवारातल्या दगडावर दगड घासून स्वतः करायचा.

निम्मी फौज रंगवलेली होती. निम्मी राखाडी.

आणि केयूरला साधी पाटीसुद्धा सरळ रंगवता येत नव्हती.

दिवाळीची सुट्टी लागली. त्या वर्षी त्या घरी कंदील लागला नाही. प्रीतम मुद्दाम येऊन केयूरला शिकवून गेला. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी रंगवतात. तो खुर्ची ओढून बसला आणि एक भालाईत हातात धरून म्हणाला, "आधी कडा घासूच्यो. मगे अस्तराचो रंग. तो सुकलो की वरचो रंग पातळ करून लाव, जाड नको. आणि ब्रश पाण्यातसून काढलो की ओठात धर. टोक येता."

"शी! रंग तोंडात?"

"सर्वेश तसाच करी."

"माका नाय जमाचा," केयूर म्हणाला.

तो ब्रश फडक्याला पुसायचा. त्यामुळे ब्रशाचे केस जुन्या झाडूसारखे पिंजारायचे आणि रंग भलतीकडेच जायचा. पहिल्या दिवशी त्याने तीन भालाईतांची अक्षरशः वाट लावली. आईने जेवायला हाक मारली तेव्हा तो तसाच उठला.

जेवण झालं. आई माजघरात आडवी झाली. केयूर बाहेर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसला.

दुपारची ती वेळ तुम्हाला माहीतच असेल. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. समुद्राचा आवाज असतो, पण तो कानाला इतका सवयीचा की नसल्यासारखाच.

आणि मग...

खळ खळ खळ.

रंगाच्या बाटलीत गोळी असते. उघडायच्या आधी बाटली तळव्यावर आपटून हलवायची, म्हणजे रंग ढवळतो. तो आवाज. सर्वेशच्या खोलीतून.

खळ खळ खळ... थांबला. मग पाण्याच्या पेल्यावर ब्रश आपटल्याचा बारीक आवाज. टिक. टिक.

आईचं काहीतरी चाललं असेल, असं केयूरला वाटलं.

तेवढ्यात माजघरातून आईची हाक आली.

"केयूर, जेवल्याबरोबर बसलंस काय रे रंगवूक?"

केयूर खळ्यात होता. आई माजघरात. घरात तिसरं कोणी नव्हतं.

"होय," केयूर म्हणाला.

का म्हणाला, ते त्याला आजही सांगता येत नाही. भीती वाटायला हवी होती. ती कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या फोनसारखी वाटली. आवाज थांबेपर्यंत तो बसून राहिला आणि मग आत गेला.

खोली रिकामी.

पंखा बंद. खिडकी बंद. टेबलावर तीन भालाईत. सकाळी त्याने बरबटवलेले तेच... पण आता झग्याच्या कडेला केसाएवढी फिकी रेघ होती. सरळ, एका दमात ओढलेली. शिरस्त्राणावरचे डाग गेले होते.

ब्रश फडक्यावर आडवा होता. त्याचं टोक सुईसारखं झालं होतं.

त्याने बोट लावून पाहिलं. ओलं होतं. आणि कोमट.

कोणीही शहाणा माणूस घर सोडून पळाला असता. केयूरने दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी चार भालाईत रंगवून ठेवले.

मग तो परिपाठच झाला. सकाळी केयूरने बिघडवायचं आणि जेवून खळ्यात येऊन बसायचं. आतून बाटली वाजायची. संध्याकाळी जाऊन बघावं तर सगळं निस्तरलेलं. पुढे पुढे तो मुद्दाम बिघडवू लागला. ढालीला नारिंगी फास, घोरपडीला गुलाबी कर. म्हणजे सर्वेशला जास्त वेळ बसावं लागेल.

दिवसभरात तेवढा वेळच केयूरला आपण जिवंत आहोत असं वाटायचं.

पण फौज सरत आली. एका संध्याकाळी त्याने पाहिलं तर राखाडी एकच उरला होता. घोरपडीवरचा स्वार, भाला उगारलेला.

फौज पुरी झाली की सर्वेश जाणार. कबूल तसंच केलं होतं. केयूरने तो स्वार उचलला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला.

त्याच आठवड्यात प्रीतम आला. रांगेतला एक भालाईत उचलून त्याने खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ह्यो कोणी रंगवलो?"

"मिया."

"खोटा बोलू नको. मी त्येच्या बाजूक बसान रंगवलंय. ह्यो सर्वेशचो हात आसा."

केयूरने काय ते सांगितलं. प्रीतमने भालाईत जागेवर ठेवला, पण हात पँटला पुसत राहिला. चहा घेतलाच नाही. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "शेवटचो करून टाक रे. अडकवन ठेवू नको त्येका."

केयूरने मान हलवली. केलं काहीच नाही.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "पुरी झाली काय रे?" आणि तो म्हणायचा, "रवलीहा थोडी." मध्येच जुन्या सैनिकांचे रंग खरवडून ठेवायचा. दुपारी बाटली वाजायची. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एकदा जेवताना आईने ताटातला हात थांबवला.

"तू खळ्यात बसतंस ता माका हंयसून दिसता. मगे आत कोण रंगवता?"

केयूरने आणखी आमटी वाढून घेतली.

"पयल्या दिसापासून म्हायत आसा माका. 'होय' म्हणालंस, ता खळ्यातसून म्हणालंस."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तू तरी खंय बोललंस?"

दोघंही थोडा वेळ भात चिवडत राहिले. मग आई म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, "जेवल्यावर वायच पडल्याबिगर रवी नाय तो. ल्हानपणापासून. आणि तो मेल्यावर तू त्येका दुपारचो कामाक बसवलंस. दमलो आसतलो रे माझो झील. सोड त्येका."

केयूर उठला. हात धुतले. कपाटातून स्वार काढला.

त्या दुपारी तो खळ्यात बसला नाही. खोलीतच बसला. घोरपड, खोगीर, भाला, सगळं त्याने स्वतः केलं. वाईटच झालं. रंग ओघळला, स्वाराचा चेहरा भाजल्यासारखा दिसू लागला. कोणी बाटली हलवली नाही. कोणी पेल्यावर ब्रश आपटला नाही. शेवटी पायाखाली लाल पूड लावून त्याने स्वाराला रांगेत उभा केला.

"पुरी झाली रे," तो म्हणाला. "जा."

काहीच झालं नाही.

दुसऱ्या दुपारी आवाज आला नाही. तिसऱ्या दुपारीही नाही. आई माजघरात पडून होती, पण झोपत नव्हती. ऐकत होती. केयूर खळ्यात ऐकत होता. समुद्राचा आवाज होता फक्त. पहिल्यांदाच तो केयूरला मोठा वाटला.

मग एक दिवस तो खोली झाडायला गेला...

स्वार राखाडी होता.

आता हे नीट ऐका. रंग उतरवायचं औषध मिळतं, पण ते कितीही घासा, फटीत थोडा रंग राहतोच. इथे काहीच नव्हतं. अस्तराचाही रंग नाही. पायाखाली लाल पूड नाही. चौकटीतून आत्ता कापून काढल्यासारखं कोरं प्लास्टिक.

तो स्वार तळहातावर घेऊन बाहेर आला.

"आई, ह्या तू केलंस?"

आईने पाहिलं. "माका खंय येता? तू नाय केलंस?"

"नाय."

केयूरला तेव्हा आनंद झाला. सर्वेश गेल्यापासून त्याला वाटलेली ती पहिली गोष्ट. आणि आपल्याला आनंद झाला, याची त्याला त्याच क्षणी भीती वाटली. ती दुसरी.

आईने स्वार त्याच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि परत रांगेत नेऊन ठेवला.

"जाऊचा नसात त्येका," ती म्हणाली. "रवांदे."

केयूरने नंतर दोनदा तो रंगवून पाहिला. दोन्ही वेळा सकाळी कोरा. मग सोडून दिलं. शाळा सुरू झाली.

एका रविवारी जेवण झाल्यावर आईने त्या खोलीत चटई अंथरली. वर उशी ठेवली. दार ओढून घेतलं. केयूर खळ्यात जाऊन बसला.

त्या दुपारीही बाटली वाजली नाही.

दुसराच आवाज येऊ लागला. आधी केयूरला वाटलं, भरतीचा असेल. तो पायरीवर सरकून बसला. कान दिला...

घोरण्याचा होता.

सर्वेश घोरायचा तसा. श्वास मध्येच अडकून मग सुटणारा. आजारपणात शेवटच्या रात्री अडकला होता, आणि सुटला नव्हता, तो श्वास. इथे सुटतो. दर वेळी सुटेपर्यंत केयूर आपला श्वास धरून असतो.

हे सगळं गेल्या वर्षीचं. अजून चालू आहे. केयूर सांगताना आवाज चढवत नाही, रडत नाही, हसत नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगतो. प्रीतम त्या घरी जात नाही. फौज टेबलावर तशीच आहे. शेवटचा स्वार कोरा.

फक्त एक गोष्ट केयूरने आतापर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

गणपती झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी आईने भांडी आवरली, हात पुसले आणि म्हणाली, "माजघरात माका झोप येणा नाय रे. आजपासून मिया पण थंयच पडतंय."

नको म्हणायला केयूरने तोंड उघडलं. तोवर आई आत गेली, दार लावून घेतलं.

आता तिचीही चटई आतच असते. केयूर शाळेत असतो ते दिवस शाळेतच जातात, पण सुट्टीच्या दिवशी तो खळ्यात बसतो आणि ऐकतो. घोरणं दोघांचं येतं. एकमेकांत मिसळून जातं, कुठलं कोणाचं कळत नाही. मग चारच्या सुमाराला दार वाजतं, आई केस बांधत बाहेर येते आणि चहा टाकते.

आत्तापर्यंत रोज उठली आहे.