कुणाचं डावं?

जुईचं विमान जाताना शहाण्यासारखं ऐकायचं आणि परत येताना मात्र हट्टाला पेटायचं. डावीकडे वळवावं तर ते उजवीकडे जाई, उजवीकडे वळवावं तर डावीकडे. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा ते सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ माळावरच्या, जांभ्या दगडावर आपटून पंख मोडून बसलं.

तसं ते साधंसुधं विमान नव्हतं. ते रॉकेट-ग्लायडर (अग्निबाणासारखं वर जाणारं आणि घारीसारखं तरंगत उतरणारं विमान) होतं. शेपटाकडच्या नळकांड्यातलं इंधन तीन सेकंदांत जळून जायचं आणि तेवढ्यात ते दीडशे मीटर चढायचं. पुढे सगळी मदार पंखांवर. एकदा खाली यायला लागलं की पुन्हा वर जायची सोय नाही, म्हणजे चूक सुधारायलाही सवड नाही. बाल्साच्या हलक्या लाकडातून जुईनं ते चार महिने खपून घडवलं होतं.

ही गोष्ट २०६१ सालच्या उन्हाळ्यातली. गावच्या विज्ञानकेंद्राचा मेळावा तोंडावर आला होता. केंद्राच्या पेडणेकरबाईंनी जुईला स्पष्टच सांगितलं, "रविवारची चाचणी शेवटची हं. ती फसली तर विमान जोडून देऊ, पण मेळाव्यात ते खटपट्या उडवील."

खटपट्या म्हणजे केंद्रातला यंत्रमानव. त्याच्या हातून आजवर एकही विमान पडलं नव्हतं. जुईला त्याचा राग नव्हता. पण बाळ आपण वाढवायचं आणि त्याला पहिलं पाऊल टाकायला दुसऱ्यानं शिकवायचं, हे तिला सोसवत नव्हतं.

"रिमोटच बिघडलाय," ती म्हणाली. रिमोटमधून रेडिओलहरी (हवेतून संदेश नेणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) निघतात. खटपट्यानं त्या सगळ्या तपासल्या.

"एकूण एक संदेश पोचलाय, जुईताई. डावं म्हटल्यावर विमान डावीकडेच वळलंय."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय त्याला उजवीकडे वळताना."

"तुमच्या डोळ्यांनी," खटपट्या म्हणाला. यंत्रमानवाला टोमणा मारता येत नाही, पण जुईला तो लागलाच.

फुरंगटून ती घरी आली. तिचे आजोबा पूर्वी एका वेधशाळेची विमानं दुरून चालवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल अंगणात. तू विमान. हात पसर आणि माझ्याकडे पाठ करून चाल."

जुई चालू लागली. आजोबा म्हणाले, "डावीकडे." ती डावीकडे वळली. "उजवीकडे." ती उजवीकडे वळली. त्यात काही विशेष नव्हतं.

"आता माघारी फिर आणि माझ्याकडे ये. खाली बघायचं नाही."

ती चार पावलं आली असेल नसेल, तोच आजोबा घाईनं म्हणाले, "डावीकडे, डावीकडे." जुई तत्परतेनं डावीकडे वळली आणि तिचा पाय थेट वाळत घातलेल्या कोकमांत पडला. तळवा लालेलाल झाला.

"मी डावीकडे म्हटलं होतं," आजोबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

"मी डावीकडेच तर वळले," जुई कुरकुरली, आणि मग तिनं वळून आपल्या पावलांकडे पाहिलं. "माझ्या डावीकडे वळले. तुमच्या नाही."

"मग विमान बिघडलं होतं का?"

"नाही. माझी पाठ होती तोवर आपलं डावं एकच होतं. तोंड फिरवलं आणि अदलाबदल झाली."

"याला संदर्भचौकट (आपण कुणाच्या जागेवरून आणि कुठे तोंड करून दिशा सांगतो ते) म्हणतात. खटपट्याचं चुकत नाही, कारण तो विमानाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून बघतो. म्हणजे तो विमानातच बसलेला असतो म्हण ना."

"पण मी तर खाली उभी असते. कुणाचं डावं, कुणाचं उजवं असा विचार करत बसले, तर तोवर ते आपटेल."

हा प्रश्न रास्त होता. आजोबा तिला परसात घडानं वाकलेल्या केळीपाशी घेऊन गेले. "केळ उजवीकडे कलली तर टेकू कुठून देतेस?"

"उजवीकडूनच."

"झालं तर. विमान समोरून येत असताना जो पंख खाली पडताना दिसेल, त्याच बाजूला रिमोटची दांडी सरकव. पंखाला टेकू दिलास असं समज."

जुईनं बोटांवर पडताळून पाहिलं. माझ्या उजवीकडे दिसणारा पंख हा विमानाचा डावा. तो पडतोय, म्हणजे विमानाला त्याच्या उजवीकडे कलवायला हवं. म्हणजे दांडीही उजवीकडेच. हिशेब जुळला.

रविवारी सकाळी सड्यावर वारा बेताचाच होता. विमान सूं करत चढलं, इंधन संपलं, आणि ते तरंगत दूर गेलं. जुईनं त्याला वळवलं. आता ते तिच्या तोंडावर येत होतं.

उजवीकडचा पंख पडू लागला. अंगठा जुन्या सवयीनं डावीकडे गेला आणि पंख आणखीच कलला. बाईंनी डोळे मिटले. टेकू, जुई स्वतःशी पुटपुटली आणि तिनं दांडी उजवीकडे सरकवली. पंख हळूहळू उचलला गेला. वाळल्या गवतावर पोट घासत विमान उतरण्यासाठी आखलेल्या चुन्याच्या वर्तुळाबाहेर येऊन थांबलं, पण त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"खटपट्या, यंदा तू टाळ्या वाजवायला ये," पेडणेकरबाई म्हणाल्या. जुईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

आजोबा तिच्या डाव्या हाताशी उभे होते. ते म्हणाले, "उद्या मंगळावरसुद्धा माणसं विमानं चालवतील. ज्यांना दुसऱ्याच्या जागी जाऊन बघता येतं, अशी माणसं लागतील तिथे. विमानात बसून तुला काय दिसलं गं?"

जुईनं विमान छातीशी धरलं.

"सड्यावर एक मुलगी उभी होती," ती म्हणाली. "आणि तिचे आजोबा माझ्या उजवीकडे होते."