बाकावरचा माणूस

माझं काम कंटिन्युइटीचं. मागच्या शॉटमध्ये कप डाव्या हाताला होता, तर पुढच्यातही तो डाव्याच हाताला पाहिजे. युनिटमधली मंडळी मला ‘तेलवाल्या ताई’ म्हणतात, डोळ्यांत तेल घालून बसते म्हणून. म्हणोत बापडी.

बाबांची पोलिसी मालिका इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू होत होती. तेव्हा लेखन, दिग्दर्शन सगळं त्यांचंच होतं. शिवाय ठाण्यातल्या बाकावर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, प्रत्येक भागात ताटकळणारा फिर्यादीही बाबाच. त्याला कधी कुणी काही विचारलंच नाही. मग एका सकाळी बाबा चित्रीकरणाला म्हणून निघाले आणि पोहोचलेच नाहीत. मालिका तिथेच थांबली.

खऱ्या ठाण्यात आईला विचारलं होतं, अंगावर काय कपडे होते? आईला आठवेना, मलाही आठवेना. तेव्हापासून मी लोकांचे कपडे लक्षात ठेवते. बाबांचा चेहरा मात्र आता फोटोतलाच आठवतो. त्यांनी एकदा मागे वळून बघावं, एवढी एकच आस उरली आहे.

नवा सेट हुबेहूब जुन्यासारखा होता. बाकावर मुद्दाम धूळ मारली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं, तर कडेची धूळ पुसलेली.

“कोण बसलं होतं इथे?”

“कुणी नाही, ताई,” लाइटवाला हसला. “तेल संपलं वाटतं तुमचं.”

आता दिग्दर्शन बाबांच्या जुन्या सहायकाकडे, म्हणजे माझ्या काकांकडे होतं. बाबांच्या आठवणीसाठी त्यांनी एक प्रसंग लिहिला होता. इन्स्पेक्टर पहिल्यांदाच रिकाम्या बाकासमोर येतो आणि प्रश्न विचारतो. उत्तरांच्या जागी नुसती शांतता. मी मॉनिटरसमोर हेडफोन लावून बसले.

“बोला, काय तक्रार आहे?”

हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं मी कुठेही ओळखलं असतं.

“माझी मुलगी हरवली आहे.”

मॉनिटरवर बाक रिकामाच होता. काकांच्या कानांवरही हेडफोन होते. ते शांतपणे मान डोलावत होते.

“कधीपासून?”

“मी सकाळी कामाला निघालो तेव्हा होती. संध्याकाळी घरी आलो, तर नव्हती.”

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

“अंगावर काय कपडे होते?”

बाबा जराही अडखळले नाहीत. “राखाडी कुर्ता. डाव्या बाहीला बटण नाही.”

मी बाही पाहिली. बटण नव्हतं. सकाळी होतं.

चालू टेकमध्ये बोलणं म्हणजे आमच्याकडे महापाप. तरी मी ओरडलेच, “बाबा, मी इथे आहे!”

कुणी दचकलं नाही.

“कट! झकास,” काका म्हणाले. मग माझ्या खुर्चीकडे वळून इकडेतिकडे बघू लागले. “अरे, ही पोरगी कुठे गेली? आत्ता तर इथे होती.”

मॉनिटरवर, बाकावरचा माणूस हळूहळू मागे वळत होता.