खाली जाणारे बाण

तिचा खांदा शिडीला लागला आणि निळ्या रंगाचा एक थेंब थेट तिच्या पांढऱ्या कोटावर पडला. ती चांगली खडसावणार होती, पण नजर भिंतीवर गेली आणि रागाचं कारणच बदललं.

"तुमचे बाण चुकलेत," ती म्हणाली.

शिडीवरच्या चित्रकाराने खाली पाहिलं. मेडिकल कॉलेजच्या त्या लांबलचक व्हरांड्यात तो पोटातल्या शिरांचं भलंमोठं चित्र रंगवत होता. "कोटाबद्दल सॉरी. बाणांचं म्हणाल, तर... ते तुमच्याच सरांनी तपासलेत."

"बेंबीच्या वरचे वर चाललेत, खालचे खाली. रक्त हृदयाकडे जाणार ना? मग सगळे वरच हवेत."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," तो खाली उतरत म्हणाला. "म्हणून मी सरांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, यकृत कडक झालं की आतड्यांकडून आलेलं रक्त अडतं, दाब वाढतो, मग ते आडवाटा धरतं. अन्ननलिकेच्या तळाशी, गुदद्वारापाशी आणि इथे, बेंबीशी. बेंबीपासून पुढे चहूकडे पांगतं... वरच्या शिरांत वर, खालच्या शिरांत खाली."

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा याच प्रश्नावर नापास झाली होती. पोटावर फुगलेल्या शिरा दिसल्या की ती बेंबीच्या वरची शीर तपासायची. तिथे मात्र रक्त वरच जातं, यकृत बिघडलेलं असो की पोटातली दुसरी मोठी शीर तुंबलेली असो. फरक कळतो तो बेंबीच्या खाली. म्हणजे दोन्ही वेळा तिने निव्वळ अंदाज ठोकला होता, आणि हे तिला कळलं एका रंगवाल्याकडून. तिला आधी लाज वाटली, मग हसू आलं.

बाबांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा नापास झालीस तर घरी ये आणि आपलं औषधांचं दुकान सांभाळ. दुकानात वाईट काही नव्हतं. पण तिला डॉक्टरच व्हायचं होतं, आणि तिने कंबर कसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिडीखाली हजर.

"हात द्या तुमचा. सराव करायचाय."

"कोणता?"

"ज्याला रंग कमी लागलाय तो."

तिने त्याच्या हातावरच्या शिरेवर दोन बोटं टेकवली, एक बोट पुढे सरकवत शीर रिकामी केली, मग मनगटाकडचं बोट उचललं. शीर टपकन भरली.

"काय निघालं?"

"रक्त वर चाललंय. तब्येत ठणठणीत."

"मग छातीत धडधडतंय कशाने?"

"ते अभ्यासक्रमात नाही," ती म्हणाली. तिचे कान मात्र चांगलेच तापले होते.

असे तीन आठवडे गेले. 'अहो'चं 'अरे' झालं. एकदा तो ब्रश खाली ठेवून म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय..."

"परीक्षा होईपर्यंत नाही," तिने त्याला अडवलं. "माझं मन जरा इकडेतिकडे गेलं, की झालंच माझं कल्याण."

तो ब्रश उचलून पुन्हा शिडी चढला. तिला फार वाईट वाटलं, पण ती बधली नाही.

परीक्षेत तिच्या वाट्याला एक काका आले. हातपाय काटकुळे, पोट पाण्याने टम्म फुगलेलं. डाव्या बरगडीखाली वाढलेली प्लीहा तिच्या बोटांना लागली. मग तिने बेंबीच्या खालची शीर धरली, रिकामी केली, वरचं बोट उचललं. शीर वरून खाली भरत आली.

"वरची का नाही पाहिलीस?" परीक्षकांनी विचारलं. "ती तर चांगली ठसठशीत आहे."

"तिने काही ठरत नाही, सर. दोन्ही आजारांत ती वरच भरते. इथे रक्त खाली उतरतंय, म्हणजे अडथळा यकृतात आहे."

"नक्की?"

मागच्या दोन्ही वेळा या एका शब्दावर तिने उत्तर बदललं होतं. या वेळी ती म्हणाली, "नक्की, सर."

निकाल चार वाजता लागणार होता. भिंत पूर्ण झाली होती, तो शिडीशी ब्रश पुसत बसला होता. "निकाल लागू दे," तो म्हणाला. "मग बोलतो."

"नाही, आत्ता बोल. नंतर बोललास, तर पास झाले म्हणून बोललास असं मला जन्मभर वाटत राहील."

तो उठून उभा राहिला. "मी दोनदा नापास झालेल्या मुलीच्या प्रेमात पडलोय. मला तीच माहितीये. तू पास झालीस, तर... थोडी सवय करावी लागेल."

"माझंही प्रेम आहे तुझ्यावर," ती सरळ म्हणाली. "आणि दुकानात बसावं लागलं, तरी ते राहील."

एवढ्यात शिपाईमामांनी यादी आणून फळ्यावर लावली. तिने आपला नंबर शोधला, त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे वळली.

"मग आता," ती म्हणाली, "लाग सवय करायला."