पिवळं दार

रंग बदलून द्यायचं काम मला मुळात आवडत नाही. दुसऱ्याच्या हातचं चित्र आपण का म्हणून बिघडवावं? पण केजात रेशमी ओढण्या हातानं रंगवणारी मी एकटीच. सिरसाळ्याच्या छबुबाई भर दुपारी जीपनं आल्या, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

ओढणी त्यांच्या सुनेनं, मंगलनं रंगवलेली. माझ्याकडंच शिकलेली पोर, हात लई गोड. चित्रात त्यांचं रेशीमकिड्यांचं शेड होतं. आत पाठमोरी मंगल किड्यांना तुतीचा पाला घालतेय, आणि दार सताड उघडं, पिवळ्याधमक उन्हाचं. त्याच शेडात मागल्या वर्षी औषध फवारल्यावर ती गुदमरून मेली. दार अडकलं होतं म्हणे.

"मंजुषा, माझ्या लेकीला, वैष्णवीला साखरपुड्यात हीच ओढणी पाहिजे," छबुबाई म्हणाल्या. "तेवढं दार काळपट कर. लावल्यावाणी दिसू दे."

"बघा बरं. रेशमावर फिकटाचं गडद होतं, गडदाचं फिकट होत न्हाई. वाफ दिली की रंग पक्का, मग संपलं."

"तेच पाहिजे मला."

ओढणी नजरेआड करायला त्या तयार नव्हत्या. माझ्या खोलीतच भिंतीला टेकून बसल्या. मी चौकटीवर रेशीम ताणलं, पिवळ्यावर तपकिरी रंग सोडला. रंग पसरत गेला. पिवळ्याचा शेवटचा ठिपका बुजला, तसं माझ्या खोलीचं दार लागलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

शेजारच्या बंकट शिंप्याची थट्टा असणार, म्हणून त्याला दोन शिव्या हासडल्या. दार ओढलं, हललं नाही. खिडकी नाही त्या खोलीला. वर एक झरोका, तोही काळवंडत चाललेला.

मग आवाज सुरू झाला... पाला कुरतडल्याचा. ज्यानं शेड पाहिलंय त्याला ठाऊक, हजारो किडे खाऊ लागले की पाऊस पडल्यासारखं वाजतं. माझ्याकडं एक किडा नाही. मागोमाग औषधाचा उग्र वास. मी पदर नाकाशी धरला. खोटं कशाला बोलू, मला रडू फुटलं. लेक शाळेतून येईल आणि बंद दाराबाहेर मला हाका मारत बसेल, एवढंच डोक्यात होतं.

मी ओला बोळा उचलला. अजून वाफ दिली नव्हती, वरचा रंग निघणार होता. छबुबाईंनी मनगट धरलं.

"पुसू नगं... ती बाहेर येईल."

"कोण?"

"आवाज देत होती गं... आत्याबाई, आत्याबाई म्हणून. कडी म्याच घातलती..."

मी हात हिसकला आणि पुसलं. खालचं पिवळं दिसू लागलं, तशी कडी निघाली.

धडपडत बाहेर आले, ओढणी हातातच. बंकट रस्त्यानं येत होता. कडीचं विचारलं. "मी तर घरी जेवायला गेलतो," म्हणाला.

उन्हात ओढणी बघितली. दार पिवळं, उघडं. शेडात मंगल नव्हती. ती होती तिथं रेशीम पांढरंशुभ्र, जन्मात रंग न लागल्यासारखं. वाफ दिलेला रंग असा जात नसतो. मी तरी आजवर गेलेला बघितला नाही.

छबुबाई अजून आतच होत्या. दार सताड उघडं, ऊन त्यांच्या पायापर्यंत आलेलं. मी समोर उंबऱ्यावर उभी, आणि त्या दोन्ही हातांनी, बंद दार चाचपावं तशी, माझ्यासमोरची हवा चाचपत होत्या.

"मंजुषा," त्या म्हणाल्या, "कडी काढ की गं..."